मामलाहाराची वाट : वारज्याहून भाजे, बेडसे, कार्ले आणि शेलारवाडी

परदेशप्रवास पूर्वीच्या तुलनेने सुलभ झाल्यापासून आपल्या समाजातील अनेक कुटुंबे श्रीलंका, थायलंड यांसारख्या बौद्ध देशांची यात्रा करू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. थायलंडमधील अयुथया या ऐतिहासिक प्रांताचे वर्णन तेथे जाऊन आलेली मंडळी मोठ्या कौतुकाने करतात. बँकॉकपासून सुमारे ८० किलोमीटरवर, तीन नद्यांनी वेढलेल्या भूमीवर १३५० च्या सुमारास वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाली आणि १९९१ मध्ये तिच्या अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लोक सकाळी आगगाडीने तेथे उतरतात, सायकल भाड्याने घेतात आणि एका विहाराकडून दुसऱ्या विहाराकडे दिवसभर फिरतात. वाट महाथात येथे वडाच्या मुळांत गुंतलेले बुद्धमूर्तीचे मस्तक आहे. त्याच्याजवळ छायाचित्र काढायचे तर खाली बसून काढावे, आपले डोके त्या मस्तकाहून उंच ठेवू नये, अशी तेथे सक्त सूचना असते आणि लोक ती पाळतात.

हे ऐकताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. वारज्याच्या महामार्गावर उभे राहिले असता तासा-दीड तासाच्या अंतरावर अयुथयाहून सुमारे दीड हजार वर्षे जुना असा एक बौद्ध प्रांत आहे. तो आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? त्या प्रांताचे नाव मामलाहार. आज आपण त्याला मावळ म्हणतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रांताची ओळख करून द्यावी, तेथे कसे जावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि मुख्य म्हणजे काय वाचावे, हे सांगावे, असा आमचा हेतू आहे.

प्रांताचे नाव आणि त्याची वाट

मामलाहार हे नाव आम्ही कल्पनेने दिलेले नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या भिंतीवर सातवाहनकालीन राजाज्ञा कोरलेली आहे. तीत ‘मामलाहार’ या विभागातील करजक हे गाव लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी दिल्याचा उल्लेख येतो. ‘आहार’ हा त्या काळच्या राज्यकारभारातील प्रदेशवाचक शब्द आहे, आजच्या जिल्ह्यासारखा. ‘मामल’ या शब्दाचेच पुढे ‘मावळ’ झाले. म्हणजे आज तहसील कार्यालयाच्या पाटीवर जे नाव आपण वाचतो, ते किमान अठराशे-एकोणीसशे वर्षे लोकांच्या तोंडी आहे. त्याचा सर्वांत जुना पुरावा बौद्ध लेण्याच्या भिंतीवर आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले पाहिजे.

लेणी येथेच का खोदली गेली, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरे होती. तेथे उतरलेला माल बोरघाटाने वर चढून घाटमाथ्यावर येई आणि पुढे जुन्नर, पैठण, तेर या नगरांकडे जाई. घाट चढून आल्यावर इंद्रायणीचे खोरे लागते. त्याच्या उत्तरेच्या डोंगरात कार्ले, दक्षिणेच्या डोंगरात भाजे, पलीकडे पवनेच्या खोऱ्यात बेडसे आणि पूर्वेस, आजच्या देहूरोडजवळ, शेलारवाडी. व्यापारी तांड्यांना विसावा, पाणी आणि धम्मश्रवण हवे असे. भिक्खुसंघाला वर्षावासासाठी निवारा आणि दान हवे असे. विद्वान संशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्यात राहून या लेण्यांचा आणि त्यांतील लेखांचा अभ्यास केला व लेणी आणि व्यापारी मार्ग यांचे नाते उलगडून दाखविले. आजही जुना मुंबई-पुणे रस्ता, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग हे तिन्ही त्याच खोऱ्यातून जातात. वाट बदललेली नाही, केवळ वाहने बदलली आहेत.

कसे जावे

वारज्याहून दोन मार्ग सोयीचे आहेत. शाळेची बस असेल तर महामार्गाने चांदणी चौक, बावधन, वाकड, किवळे असे करीत देहूरोडला यावे आणि तेथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत या क्रमाने कार्ला फाट्यापर्यंत जावे. हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. द्रुतगती मार्गाचा मोह टाळावा. त्यावर दुचाकीला तर मनाईच आहे आणि लेण्यांची गावे जुन्या रस्त्यालाच जवळ पडतात.

दुसरा मार्ग अधिक स्वस्त आणि आमच्या मते मुलांसाठी अधिक चांगला. पीएमपीच्या बसने शिवाजीनगर गाठावे आणि तेथून लोणावळा लोकल धरावी. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्थानके क्रमाने येतात. आपल्या यात्रेला उपयोगी स्थानके तीन : शेलारवाडीसाठी बेगडेवाडी, बेडशासाठी कामशेत आणि भाजे-कार्ल्यासाठी मळवली. दुपारच्या वेळी लोकल गाड्या विरळ असतात. म्हणून जाण्याचे आणि परतीचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून फलकावर लिहून ठेवावे. मुलांना घेऊन फलाटावर दोन-तीन तास बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

चारही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा अट्टहास करू नये. पायऱ्या चढून मुले दमतात आणि दमलेले मूल शिलालेख वाचत नाही. एक दिवस भाजे आणि कार्ले, दुसरा दिवस बेडसे, शेलारवाडी आणि देहूरोड, अशी विभागणी उत्तम.

पहिला दिवस : सकाळी भाजे, दुपारी कार्ले

मळवली स्थानकातून दक्षिणेकडे, द्रुतगती मार्ग ओलांडून, पायी अर्ध्या तासात भाजे गाव येते. समोर लोहगड आणि विसापूर हे किल्ले दिसतात. त्यांपैकी लोहगडाचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच डोंगररांगेच्या कुशीत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदलेली २२ लेणी आहेत.

भाजे प्रथम पाहावे, कारण ते प्राचीन आहे. येथील चैत्यगृहात २७ अष्टकोनी खांब आहेत आणि ते सरळ उभे नसून किंचित आत कललेले आहेत. मुलांना येथे थांबवून विचारावे की दगडाच्या खांबाला कलण्याची काय गरज? उत्तर असे की खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृह होते. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब आत झुकते ठेवावे लागतात. ती सवय कारागिरांनी दगडातही तशीच उतरविली. दर्शनी भागातील लाकडी पडदा आता नष्ट झाला आहे, परंतु तो बसविण्यासाठी पाडलेल्या खाचा कातळात दिसतात. छताला लाकडी फासळ्या आहेत. एका कलेतून दुसरी कला कशी जन्मते, हे शिकविण्यास याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

पुढे १४ स्तूपांचा समूह आहे. काही आत, काही बाहेर. हे येथे राहून गेलेल्या ज्येष्ठ भिक्खूंचे स्मारक आहे. त्यांतील काहींवर ‘थेर’ या उपाधीसह नावे कोरलेली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. येथे मुलांनी आवाज न करता उभे राहावे, एवढीच आमची सूचना असते. अखेरच्या विहारातील शिल्पे आणि तालवाद्य वाजविणारी स्त्री अवश्य पाहावी.

दुपारी मळवलीवरून उत्तरेस कार्ल्याकडे निघावे. स्थानकापासून पायथा चार-पाच किलोमीटर असल्याने लहान मुलांसाठी रिक्षा करावी. दुपार निवडण्याचे कारण आहे. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दिवस कलू लागला की प्रचंड पिंपळपानाकृती गवाक्षातून प्रकाश आत येतो आणि स्तूप उजळतो.

हे चैत्यगृह सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ अलंकृत खांब, स्तूपामागे ७ साधे खांब, छताला सागवानी फासळ्या आणि स्तूपावर लाकडी छत्र. त्यातील प्राचीन लाकूड आजही टिकून आहे. येथे मुले हमखास विचारतात : “सर, आत बुद्धमूर्ती का नाही?” सांगावे की या काळात तथागतांची उपासना स्तूपाच्या रूपाने होत असे. बाहेरील भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती दिसतात, त्या काही शतकांनंतर कोरलेल्या आहेत. एकाच भिंतीवर दोन काळ वाचता येतात.

भिंतीवरची वर्गणीची यादी

आता आम्ही या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. कार्ल्याला जाणारे बहुतेक लोक खांब पाहतात. खांबावरची अक्षरे पाहत नाहीत. ती अक्षरे ब्राह्मी लिपीतील आहेत आणि भाषा प्राकृत, म्हणजे लोकांची. त्यांत लेणे कोणी घडविले, याची नोंद आहे.

व्हरांड्यातील लेख सांगतो की जंबुद्वीपातील उत्तम असे हे शैलगृह वेजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले. वेजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु एकट्या भूतपालाचे हे काम नव्हे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचे दान आहे. धेनुकाकट नावाच्या गावचे अनेक दाते आहेत : सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा; सामी नावाचा वढकी, म्हणजे सुतार, ज्याने द्वार घडविले. खांबांच्या दात्यांत ‘यवन’ म्हणविणारे, सिंहध्वज आणि धम्म अशी नावे घेतलेले लोक आहेत. सोपाऱ्याचा एक भाणक, म्हणजे धम्मवचने मुखोद्गत म्हणणारा, एका खांबाचा दाता आहे. कोडी नावाच्या भिक्खुणीने वेदिकेचे दान दिले. तिची ओळख ‘घुणिकाची आई’ अशी दिली आहे आणि ती वेदिका घडविणाऱ्या नंदिकाचे नावही कोरले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गावाचे दान दिले. पुढे सत्ता बदलली, सातवाहन आले, तरी भिक्खुसंघाला गाव देण्याची परंपरा चालू राहिली. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४ व्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक भिक्खूंना दिला.

ही नावे ओळीने वाचली की ध्यानात येते की हे कुण्या एका राजाचे वैभव नव्हे. ही वर्गणीची यादी आहे. आपल्या वसतिगृहात पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, जेवणाच्या ताटावर दात्याचे नाव असते आणि मुले कधीकधी त्यावरून हसतात. त्या मुलांना कार्ल्याच्या खांबापाशी उभे करावे. सुताराने, अत्तरविक्याने, भिक्खुणीने आणि परदेशी व्यापाऱ्याने दिलेल्या एकेका खांबावर ते छत दोन हजार वर्षे उभे आहे. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळेत शिकणे कमीपणाचे मानू नये, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

लेख वाचण्यास मुलांना संपूर्ण ब्राह्मी येण्याची गरज नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ही लिपी उलगडली, ती सांचीच्या कठड्यांवरील लेखांच्या शेवटी वारंवार येणाऱ्या एका शब्दावरून. तो शब्द ‘दानं’. आम्ही सहलीपूर्वी वर्गात केवळ आठ अक्षरे शिकवितो : द, न, थ, भ, ध, म, य, व. एवढ्या शिदोरीवर मुले कार्ल्याच्या खांबावर ‘थभो दानं’, म्हणजे ‘खांबाचे दान’, हे शब्द स्वतः शोधतात. अक्षरांना हात लावू नये. विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे झिजलेले अक्षरही उठून दिसते.

दुसरा दिवस : बेडसे, शेलारवाडी, देहूरोड

बेडसे पूर्वाभिमुख असल्याने सकाळीच गाठावे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने, करुंजच्या बाजूने बेडसे गावात यावे. तेथून सुमारे चारशे पायऱ्या आहेत. येथे गर्दी नसते. दोन कातळांमधील अरुंद वाटेतून आत शिरताच सुमारे २५ फूट उंचीचे खांब समोर येतात; माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर आरूढ स्त्री-पुरुष. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे दान येथे कोरले आहे. शेजारचा विहार अर्धगोलाकार आणि गजपृष्ठाकृती छताचा आहे. विहारांत असा आकार अत्यंत दुर्मीळ. अरण्यात राहून भिक्षेवर निर्वाह करणारे गोभूती नावाचे भिक्खू येथे होऊन गेले. त्यांचा स्तूप त्यांच्या शिष्याने बांधविला. गुरूचे स्मारक शिष्याने उभारल्याची ही नोंद स्मरणिकेच्या वाचकांना विशेष भावेल.

परतीच्या वाटेवर सोमाटणे फाट्याच्या पुढे, जुन्या रस्त्यालगत शेलारवाडीचा डोंगर लागतो. लोक त्याला घोराडेश्वर म्हणतात. मोठ्या लेण्यात आज शिवमंदिर आहे. शिल्पकलेच्या दृष्टीने हे लेणे साधे आहे, परंतु आमच्या मते मामलाहारातील सर्वांत मोलाचा लेख येथे आहे. धेनुकाकट येथे राहणारा उसभणक हा नांगरधारी शेतकरी. त्याची पत्नी सियगुतनिका हिने लेणे दान दिले, असे तो लेख सांगतो. ‘देयधम्म’, म्हणजे धम्मासाठी दिलेले दान, हा शब्द तिच्या नावापुढे आहे. जी स्त्री कदाचित कधी पाटीला शिवली नसेल, तिचे नाव दगडावर राहिले. मनुस्मृतीने पुढे शूद्र आणि स्त्रिया यांना संपत्ती व विद्या यांपासून कसे दूर ठेवले, हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना या एका ओळीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

तेथून देहूरोड जवळच. १९५४ च्या डिसेंबरमध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात स्वहस्ते केली. २५ डिसेंबर हाच १९२७ च्या मनुस्मृतिदहनाचा दिवस. नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे ही घटना घडली. सियगुतनिकेचे लेणे आणि बाबासाहेबांनी बसविलेली मूर्ती यांत अवघे काही किलोमीटर अंतर आहे आणि काळाचे अंतर सुमारे अठरा शतके. यात्रेचा शेवट येथे, त्रिशरण-पंचशील ग्रहण करून करावा.

कसे वागावे

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी पुढ्यात एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची ती कुलदेवता. चैत्र यात्रेत, नवरात्रात आणि रविवारी अलोट गर्दी असते. शाळेने मधला वार निवडावा. तेथे कोणी “ही पांडवांनी एका रात्रीत खोदली” असे सांगितले, तर मुले चिडतात. आम्ही त्यांना सांगतो की वाद घालू नका. खांबाजवळ बोलवा आणि नाव वाचून दाखवा. देवीच्या दर्शनाला आलेला कोळी बांधव आपला शत्रू नव्हे. त्याच्या पूर्वजांपैकी कोणी या लेण्याला हातभार लावला नसेल, असे कोण म्हणेल? इतिहास सांगण्याचा अधिकार वाचणाऱ्याला मिळतो, ओरडणाऱ्याला नाही.

चैत्यगृहात पादत्राणे काढावीत. स्तूपावर मेणबत्त्या वा उदबत्त्या लावू नयेत. काजळी दगडात मुरते. मोठमोठ्याने घोषणा देऊ नयेत, कारण या कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. पावसाळ्यात भाजे हिरवेगार व रमणीय दिसते, परंतु पायऱ्या निसरड्या होतात. हिवाळा सर्वांत चांगला. पाणी आणि डबा सोबत न्यावा व उष्टे, कागद परत आणावेत. भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. दुर्दैवाने बाण मारलेली बदामे आणि त्यात लिहिलेली नावे आपल्याला जागोजाग दिसतात. मुलांना सांगावे की येथे नाव लिहिण्याचा हक्क ज्यांनी मिळविला, त्यांनी आधी खांब दिला होता.

आमच्या शाळेतील बहुतेक मुलांचे पालक बांधकामावर, विटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबतात. ती मुले इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे पाठ करतात आणि आपले कोणी त्यात नाही, अशी समजूत करून घेतात. मामलाहाराच्या भिंतींवर सुतार आहे, शेतकऱ्याची पत्नी आहे, वेदिका घडविणारा कारागीर आहे. अयुथयाला अवश्य जावे. परंतु त्याआधी शिवाजीनगरहून मळवलीचे तिकीट काढावे आणि आपल्या मुलाच्या हाती विजेरी देऊन त्याला एका खांबावरील ‘दानं’ हा शब्द शोधू द्यावा.

नमो बुद्धाय! जय भीम!